आखूड पत्त्याचा सातबारा

मराठी विकिपीडियावरचं एखादं पान उघडा, वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला पाठवा. ब्राउझरमध्ये देवनागरीत नीट दिसणारा तो पत्ता बहुतेक वेळा पलीकडे पोचतो तो टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन. तिला वाटतं, कसला तरी व्हायरस आलाय.

कारण साधं आहे. इंटरनेटचे पत्ते रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं एवढ्यांसाठीच बनले. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट ‘टक्का अधिक दोन अक्षरं’ असा लिहावा लागतो. म्हणजे एका ‘म’साठी नऊ जागा: टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-ई. काना, मात्रा, वेलांटी यांचंही तेच. जोडाक्षरातला पाय मोडण्याचेही वेगळे नऊ. ‘ज्ञानेश्वर’ हा चार अक्षरांचा शब्द पत्त्यात ९० जागा खातो.

त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला आखूड लिंक लागते ती लिपीपायी. या प्रकाराच्या इतिहासात मात्र सगळं श्रेय ट्विटरला जातं आणि ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेत केविन गिल्बर्टसनने टायनीयूआरएल काढलं ते २००२ साली, ट्विटर यायच्या चार वर्षं आधी. ईमेलमध्ये लांब पत्ता ओळीच्या शेवटी तुटायचा आणि तुटलेली लिंक उघडायची नाही, ही तेव्हाची अडचण. मग ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा आली, २००८मध्ये बिटली आलं आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत शॉर्टनरांचं पेवच फुटलं. ट्विटरने स्वतःचा ‘टी डॉट को’ आणल्यावर ती गरज संपली. सवय मात्र राहिली. आज ती लग्नपत्रिकेवरच्या क्यूआर कोडपासून ‘तुमचं पार्सल अडकलंय’ म्हणणाऱ्या भामट्यांच्या एसएमएसपर्यंत सगळीकडे दिसते.

मला या लेखात ‘युअर्ल्स’ या एका सॉफ्टवेअरची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची करतात तशी: ते काय म्हणतं, काय गृहीत धरतं, कुठे सच्चं आहे आणि कुठे आव आणतं. सॉफ्टवेअरच्या परीक्षणात सहसा ‘इन्स्टॉल करायला सोपं, पाचपैकी चार तारे’ असा कारभार असतो. पण ज्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, ते वाचूनच त्याच्याबद्दल बोलावं असं मला वाटतं.

त्याआधी, हा विषय माझ्या डोक्यात का बसला ते सांगायला हवं. माझ्याकडे एका अनियतकालिकाचा जुना छापील अंक आहे. त्यातल्या एका चांगल्या, कष्टाने लिहिलेल्या लेखाच्या तळटिपांमध्ये ऑनलाइन संदर्भ दिलेत आणि ते सगळे एका फुकट शॉर्टनरने आखूड केलेले आहेत. (त्या काळी हे नीटनेटकेपणाचं लक्षण होतं. लांब पत्ता छपाईत ओळीची वाट लावतो.) तो शॉर्टनर आज अस्तित्वात नाही. आता गंमत बघा. लेखकाने पूर्ण पत्ता छापला असता, तर मूळ पान उडालं असतं तरी तो पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून जुनी प्रत शोधता आली असती. निदान पत्त्यातल्या शब्दांवरून तरी कळलं असतं, की संदर्भ वर्तमानपत्राचा होता, ब्लॉगचा होता की विद्यापीठाचा. आता हातात उरलीत ती पाच-सहा अक्षरं, ज्यांना स्वतःचा काहीच अर्थ नाही. ती पानं कदाचित आजही जागेवर असतील. त्यांच्याकडे जायचा रस्ता तेवढा एका तिसऱ्याच्या खिशात होता आणि तो तिसरा निघून गेला.

हा धोका कुणाला दिसला नव्हता असं नाही. डिलिशस ही लिंका साठवायची साइट काढणाऱ्या जोशुआ शाक्टरने एप्रिल २००९मध्येच शॉर्टनरांवर सडकून टीका केली होती. वाचणारा आणि वाचायचं पान यांच्यामध्ये आणखी एक मध्यस्थ घुसतो आणि तो कोलमडला की दोघांचंही नुकसान होतं, असा त्याचा मुद्दा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ट्रिम’ नावाच्या शॉर्टनरने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर त्यांनी निर्णय फिरवला, पण सगळ्यांना घाम फुटायचा तो फुटलाच.

‘छोट्या कंपन्यांचं हे असंच असतं’ म्हणणाऱ्यांसाठी गूगलचं उदाहरण आहे. गूगलचा शॉर्टनर, ‘गू डॉट जीएल’ (मराठीत वाचताना हसू नका), डिसेंबर २००९मध्ये आला. २०१८मध्ये त्यांनी तो बंद करायचं जाहीर केलं आणि २०१९च्या मार्चअखेर नव्या लिंका बनवणं थांबलं. जुन्या चालत राहतील असं सांगितलं होतं. जुलै २०२४मध्ये नवी घोषणा झाली: जुन्या लिंकाही २५ ऑगस्ट २०२५ला बंद. कारण काय, तर ९९ टक्क्यांहून जास्त लिंकांवर गेल्या महिन्यात काहीच हालचाल नव्हती. मग तारीख अगदी तोंडावर आल्यावर, ऑगस्ट २०२५च्या सुरुवातीला, त्यांनी अर्धी माघार घेतली. ज्या लिंका वापरात आहेत त्या ठेवू, बाकीच्या जातील.

त्या ‘गेल्या महिन्यात हालचाल नाही’ या कसोटीवर मी थांबते. दुकानाच्या मालासाठी ती ठीक असेल. पण तळटीप ही महिन्याला क्लिक होणारी गोष्टच नाही. ग्रंथालयातल्या फडताळात पडलेलं पुस्तक दहा वर्षांत एकदा कुणीतरी काढतं आणि त्या एका वेळेसाठीच ते तिथे असतं. मराठीतला बहुतेक ऑनलाइन मजकूर असाच आहे. कमी लोक, क्वचित, पण नेमकं तेच शोधत येणारे. या कसोटीवर तो कायम नापासच होणार.

तर मग उपाय काय? स्वतःचा शॉर्टनर स्वतः चालवा, असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरांमधलं सगळ्यात जुनंजाणतं नाव म्हणजे युअर्ल्स. २००९चंच. ‘युअर ओन यूआरएल शॉर्टनर’ याचं ते लघुरूप आणि त्या नावातच ‘तुझं’ हा शब्द लपवून बसवलाय. ते लिहिलं लेस्टर चॅन आणि ओझ या दोघांनी. दोघंही वर्डप्रेसच्या प्लगिनांमुळे ओळखले जाणारे. भाषा पीएचपी, डेटाबेस मायएसक्यूएल, म्हणजे स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवरही चालेल असा जोड. परवाना एमआयटी: कोड घ्या, बदला, वापरा, फक्त मूळ लेखकांची नोंद पुसू नका.

आत काय आहे? एक कोष्टक. खरंच, मुख्य ऐवज एवढाच. रकाने सहा: आखूड शब्द, मूळ पत्ता, पानाचं शीर्षक, वेळ, लिंक बनवणाऱ्याचा आयपी पत्ता आणि क्लिकांची संख्या. कुणी आखूड लिंक उघडली की सॉफ्टवेअर कोष्टकात तो शब्द शोधतं, क्लिक एकने वाढवतं, एक नोंद करतं आणि ब्राउझरला पुढच्या पत्त्यावर धाडतं. चौकातला पानवाला ‘देशपांडे? डावीकडे तिसरा वाडा’ म्हणतो, तेवढंच काम.

मला पहिल्यांदा आवडलं ते त्याचं मोजणं. बहुतेक शॉर्टनर काहीतरी गूढ अक्षरगुच्छ फेकतात. युअर्ल्स सरळ मोजत जातं. पहिली लिंक १, मग २, नवापर्यंत आकडे, दहाव्याला ए, पस्तिसाव्याला झेड आणि छत्तिसाव्या लिंकेला पुन्हा १०. दहा आकडे अधिक सव्वीस अक्षरं, म्हणजे ३६चा पाया. चार अक्षरांच्या आतच १६ लाखांहून जास्त लिंका बसतात. एका माणसाला दोन-चार जन्म पुरतील. या क्रमात एक साधेपणा आहे. तुमच्या लिंका अनुक्रमणिकेसारख्या एकामागोमाग उभ्या राहतात, ४७ नंबरची ४८च्या आधीची.

पण तोच क्रम उघडाही पाडतो. कुणीही तुमच्या डोमेनवर १, २, ३ करत चालत जाऊ शकतं. कच्च्या मसुद्याची गूगल डॉक ‘कुणाला सापडणार नाही’ म्हणून आखूड करून ठेवली असेल, तर ती सापडणार आहे. यावर तोडगा म्हणून क्रम मोडणारं एक प्लगिन सोबतच येतं, पण ते मुद्दाम चालू करावं लागतं. हा दोष आहे असं मी म्हणणार नाही. आखूड पत्ता म्हणजे गुप्त पत्ता नव्हे, हे युअर्ल्स वागण्यातून सांगतं आणि बाकीचे गूढ अक्षरांआड लपवतात.

दुसरी एक गमतीची जागा. नवं युअर्ल्स बसवलं की कोष्टक रिकामं नसतं. तीन नमुना लिंका आधीच असतात. एक त्यांच्या ब्लॉगची, एक युअर्ल्सच्या साइटची आणि तिसरी ओझच्या स्वतःच्या साइटची, शब्दसुद्धा ‘ओझ’ हाच. मूर्तिकाराने मूर्तीच्या पाठीमागे नाव कोरावं तसं. वाटलं तर पुसून टाका. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तळाशी ‘अमुकच्या सौजन्याने’ असं येतं ते पुसता येत नाही, हा फरक.

आता कुरबुरी. पहिली आणि माझ्यासाठी मोठी: अधिक चिन्ह. युअर्ल्सच्या कोणत्याही आखूड लिंकेच्या शेवटी अधिकचं चिन्ह जोडलं की तिच्या माहितीचं पान उघडतं. लिंक कुठे जाते, कधी बनली, किती जणांनी उघडली. बिटलीतही ही सोय प्रसिद्ध होती. आखूड लिंकेवर जो मूळ आक्षेप आहे, की ती आपल्याला डोळे बांधून नेते, त्याला एवढं सुंदर उत्तर दुसरं नाही. क्लिक करायच्या आधी एक चिन्ह लिहा आणि बघा कुठे चाललाय. पण युअर्ल्सची नमुना सेटिंग जशीच्या तशी वापरली तर साइट खासगी असते आणि हे पानही लॉगिनच्या आड जातं. ते लोकांना खुलं करायचं तर कॉन्फिगच्या फाइलमध्ये स्वतः एक ओळ घालावी लागते. किती जण घालत असतील? लिंक कुठे जाते हे दाखवणं आणि किती जणांनी उघडली हे दाखवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाचकाचा हक्क आहे, दुसरी मालकाची खासगी बाब. युअर्ल्सने दोन्ही एकाच पानावर ठेवल्या आणि एकाच कुलपात घातल्या.

दुसरी कुरबूर नोंदवहीची. प्रत्येक क्लिकेची ओळ वेगळ्या कोष्टकात लिहिली जाते: वेळ, कुठल्या पानावरून आला, कुठला ब्राउझर, आयपी पत्ता, देश. हे सगळं मूळ सेटिंगमध्येच चालू. बंद करायची सोय आहे, तीही कॉन्फिगमध्ये एक ओळ. मोठ्या कंपन्या आपल्यावर पाळत ठेवतात म्हणून आपण त्यांच्याकडून निघतो आणि स्वतःच्या घरी येऊन पहिलं काम काय करतो, तर दाराशी वही घेऊन बसतो. युअर्ल्सची स्वतःची जाहिरात ‘तुमच्या डेटावर तुमचा पूर्ण ताबा’ अशा थाटाची आहे. पण त्या वहीतला डेटा ‘माझा’ नाही, माझ्या लिंकेवर आलेल्या लोकांचा आहे. आणि खरं सांगायचं तर कवितेच्या ब्लॉगला नेदरलँड्समधून तीन क्लिक आल्या हे कळून कुणाचं काय भलं झालंय? (आपली मावसबहीण तिकडे असते, त्या तिच्याच.)

तिसरी कुरबूर मराठीची आहे. युअर्ल्समध्ये आखूड शब्द स्वतः निवडता येतो. १ऐवजी ‘दिवाळी’ ठेवता आला तर किती छान. पण नाही ठेवता येत. मूळ सेटिंगमध्ये चालतात ते फक्त रोमन छोटी अक्षरं आणि आकडे, बाकी सगळं गाळलं जातं. साधी आडवी रेघ, म्हणजे हायफनसुद्धा प्लगिन चालू केल्याशिवाय चालत नाही, तिथे ‘दि’ला कोण विचारतो. पानाचं शीर्षक मात्र देवनागरीत नीट साठतं. म्हणजे ॲडमिनच्या यादीत मराठी दिसते आणि पत्त्यात येता येता दारातच चपलांसारखी बाहेर राहते. हे तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखं आहे. ‘दिवाळी’ शब्दाच्या ५४ जागा होणार असतील तर लिंक आखूड कसली? तरी खटकतं. ज्या लिपीला आखूड लिंकेची सगळ्यात जास्त गरज आहे, तिला आखूड व्हायचं तर स्वतःला सोडूनच व्हावं लागतं.

हे झाले कोडमधले तपशील. पण खरा प्रश्न त्या नावातल्या ‘तुझं’चा आहे.

युअर्ल्स लिंक पुढे धाडतं तेव्हा ब्राउझरला एक आकडा सांगतं, ३०१. वेबच्या बोलीत त्याचा अर्थ ‘कायमचं हलवलं आहे’. हा ‘कायमचं’ शब्द बोलतंय कोण? एक सॉफ्टवेअर, जे एका डोमेनवर उभं आहे. आणि डोमेन विकत मिळतच नाही. ते वर्षाच्या बोलीवर भाड्याने मिळतं. आपण ‘माझं डोमेन’ म्हणतो, पण सातबाऱ्यावर नाव आपलं नसतं. आपण कूळ असतो. एका वर्षी कार्डाची मुदत संपते, आठवणीचा ईमेल स्पॅममध्ये जातो आणि डोमेन सुटतं. मग ते कुणीही घेऊ शकतं. आणि इथे आखूड लिंकेचं मरण साध्या लिंकेहून वाईट आहे. साधी लिंक मेली की ‘पान सापडत नाही’ असा संदेश येतो. आखूड डोमेन दुसऱ्याच्या हाती गेलं तर तुमच्या कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावरचा क्यूआर कोड रमीच्या जाहिरातीकडे नेऊ शकतो, आणि छापलेलं पुस्तक काही परत बोलावता येत नाही.

जमीनदारही वेगवेगळे असतात. आखूड नावांच्या हौसेपायी लोक दूरदूरच्या देशांचे शेपूट-कोड घेतात. बिटलीतलं ‘एलवाय’ हे लिबियाचं. २०१०मध्ये अमेरिकन लेखिका व्हायोलेट ब्लू यांचं ‘व्हीबी डॉट एलवाय’ हे शॉर्टनर लिबियाच्या नोंदणी संस्थेने काढून घेतलं, तिथल्या कायद्यात बसत नाही म्हणून. सर्व्हर तुमचा, कोड तुमचा, पण पत्ता दुसऱ्याच्या कायद्याखाली.

म्हणून ‘स्वतः होस्ट करा, म्हणजे सुटाल’ हे जे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं पालुपद आहे, ते मला अपुरं वाटतं. गूगलला कंटाळा आला तर लिंका मरतात हे खरं, पण मला कंटाळा आला तर माझ्याही मरतात. मी गूगलपेक्षा लवकर कंटाळते, आजारी पडते, नोकरी बदलते. मालकी आणि टिकाऊपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. युअर्ल्स पहिली देतं. दुसरीबद्दल ते गप्प आहे. श्लिंक, कट वगैरे नंतर आलेली मुक्त सॉफ्टवेअरं दिसायला अधिक चकचकीत आहेत, पण याबाबतीत त्यांच्यातही फारसं वेगळं काही नाही.

हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवलेला मला एकाच ठिकाणी दिसला, आणि ते ठिकाण जिथून आपण सुरुवात केली त्याच घराण्यातलं आहे. विकिमीडियाने २०१९मध्ये स्वतःचा शॉर्टनर काढला, ‘डब्ल्यू डॉट विकी’. त्याचाही कोड खुला आहे. मराठी विकिपीडियाचा टक्क्याच्या चिन्हांचा लांबलचक पत्ता तिथे टाकला की चार-पाच अक्षरांत मावतो. बाहेरच्या साइटचा पत्ता तो घेतच नाही, त्यामुळे भामट्यांना तिथे काम नाही. आणि मुख्य म्हणजे सगळ्या आखूड लिंकांची यादी, कुठली कुठे जाते ती, डाउनलोड करता येईल अशी जाहीर ठेवलेली असते. उद्या शॉर्टनर बंद पडला तरी यादी कुणाच्या ना कुणाच्या संगणकात असेल. बाकीच्या शॉर्टनरांसाठी हेच काम ‘आर्काइव्ह टीम’चे स्वयंसेवक २००९ सालापासून करतायत, पण चोरवाटेने: एकेक अक्षरजोडी वापरून बघायची, कुठे जाते ते टिपायचं. गू डॉट जीएलच्या लिंकाही त्यांनी अशाच गोळा केल्या. गावाचा रस्ता खचायच्या आधी कुणीतरी घरोघर जाऊन पत्ते लिहून घ्यावेत, तसं काम.

युअर्ल्समध्ये माझ्या मते एक बटण हवं होतं: ‘यादी जाहीर करा’. सहापैकी फक्त पहिले दोन रकाने, आखूड शब्द आणि मूळ पत्ता. क्लिका नकोत, आयपी नको, काही नको. कोष्टक इतकं साधं आहे की प्लगिन लिहिणाऱ्याला हे एका दुपारचं काम असावं. पंधरा वर्षांहून जास्त काळ चालत आलेलं, कुठलीही कंपनी मागे नसताना टिकलेलं हे सॉफ्टवेअर आहे. त्याच्याबद्दल मला आदर आहे आणि मी ते वापरते. पण त्याची सगळी रचना मालकाकडे तोंड करून बसली आहे: ॲडमिनचं पान, आलेख, झेंडे. ज्याच्या हातात फक्त लिंक आहे, त्याच्यासाठी एक अधिकचं चिन्ह, तेही कुलपात.

ते बटण येईपर्यंत मी ते काम हाताने करते. महिन्याच्या शेवटी डेटाबेसमधून ते दोन रकाने एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवायचे आणि फाइल इंटरनेट आर्काइव्हवर चढवायची. शंभर-सव्वाशे ओळी होतात, दहा मिनिटांत उरकतं. छापायला देताना आखूड लिंकेखाली लहान टायपात लेखाचं नाव आणि साइटचं नाव देते. मांडणी करणारा कुरकुरतो, ओळ वाढते म्हणून. कॉन्फिगमध्ये दोन ओळी घातल्यात, एक अधिकचं पान खुलं करणारी आणि एक क्लिकांची वही बंद करणारी. त्या यादीत सुरुवातीच्या तीन नमुना लिंकाही अजून आहेत. ओझचं नाव मी पुसलेलं नाही.